बायपासनंतर अ‍ॅटोर्वा की रोसुवा? इन्फेक्शनच्या काळजीने विचारणाऱ्यांसाठी

बायपास ठरलं की घरात दोन मतं हमखास निघतात. एक म्हणतं कोलेस्टेरॉलच्या गोळीने (म्हणजे स्टॅटिनने, अ‍ॅटोर्वास्टॅटिन म्हणजे अ‍ॅटोर्वा आणि रोसुवास्टॅटिन म्हणजे रोसुवा त्यातल्याच) प्रतिकारशक्ती कमी होते, ऑपरेशनपुरती बंद करा, दुसरं म्हणतं स्टॅटिनने शरीरातली सूज उतरते म्हणजे इन्फेक्शनही कमीच होणार. माझं स्पष्ट मत, या दोन्हीवर निर्णय घेऊ नका. स्टॅटिनवाल्यांना इन्फेक्शन कमी झालं असं जुन्या रेकॉर्डमधून दाखवणारे अभ्यास आहेत, काहींत फरक दिसलेलाच नाही, आणि नेमाने गोळी घेणारा माणूस बहुतेकदा शुगरही सांभाळतो, सिगारेटही सोडतो, मग श्रेय नक्की कशाचं? २०१४ च्या अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये तर सेप्सिसमुळे (इन्फेक्शन अंगभर भिनून अवयव बिघडणं) फुफ्फुसं निकामी होत असलेल्या ७४५ पेशंटना रोसुवा किंवा खोटी गोळी दिली, रोसुवाने मृत्यू कमी झाले नाहीत. छातीच्या टाक्यांसाठी शुगर कंट्रोल आणि चिरा देण्याआधी तासाभरात मिळणारं अँटिबायोटिक, हे जास्त मोलाचं.

आता अ‍ॅटोर्वा आणि रोसुवा या दोघींकडे. कोलेस्टेरॉल दोन्ही उतरवतात, त्यावर वेळ घालवत नाही.

मी आधी अ‍ॅटोर्वा ४० मिलिग्रॅमवर होतो, त्रास काहीच नव्हता. वैताग आला तो अँटिबायोटिकचा. ऑपरेशननंतर खोकला, कफ धरला की कोणीतरी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून देतं, अ‍ॅसिडिटीसाठी पोटातल्या एच पायलोरी जंतूवर देतात त्या किटमध्येही तेच असतं. त्याने अ‍ॅटोर्वा रक्तात साचते आणि स्नायूंना धोका वाढतो, म्हणून सोबत २० च्या वर घेऊ नये असं आहे. केमिस्टने चिठ्ठी बघून विचारलं, "काका, अ‍ॅटोर्वा चालू आहे ना? आधी डॉक्टरांना फोन लावा." फोन लागेना, कफ काही थांबेना, आणि मी दोन्ही स्ट्रिपा हातात घेऊन काउंटरवर उभा. अ‍ॅझिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकमध्ये हा त्रास सहसा नसतो, पण प्रत्येक नव्या डॉक्टरला आपणच आठवण करायची, हे मला नकोसं झालं. रोसुवाचं क्लॅरिथ्रोशी असं वाकडं नाही, म्हणून कार्डिओलॉजिस्टना विचारून बदलली आणि तेव्हापासून निवांत आहे.

पण रोसुवा सगळ्यांना जमेलच असं नाही हां. बीजिंगच्या फुवाई हॉस्पिटलात १,९२२ जणांना हार्ट सर्जरीच्या आधी-नंतर रोसुवा २० किंवा खोटी गोळी दिली, २०१६ मध्ये रिझल्ट आला, हृदयाचे ठोके बिघडणं कमी झालं नाही, उलट किडनीला इजा शंभरात १९ ऐवजी २५ जणांना झाली. म्हणून ऑपरेशनच्या तोंडावर नव्याने सुरू करू नका, आधीपासून चालू असेल ती मात्र आपल्या मनाने बंद करू नका, युरोपच्या २०१७ च्या गाइडलाइन्सचाही सूर साधारण असाच आहे. किडनी खूपच कमजोर असेल तर रोसुवाचा डोस कमी ठेवावा लागतो, अ‍ॅटोर्वाला ती अट नाही, तिथे मी स्वतः अ‍ॅटोर्वाच धरली असती. आणि जेलसारखं अँटासिड घेत असाल तर ते रोसुवानंतर दोन तासांनी, नाहीतर गोळीचा असर निम्म्यावर येतो.

क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) नॉर्मल आणि वरचेवर छाती भरत असेल तर, माझ्या मते, रोसुवाबद्दल डॉक्टरांशी बोलून बघा. जाताना ताजा क्रिएटिनिन रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्या.