शुगर, बीपी, किडनी: सरकारी कार्ड की खासगी पॉलिसी?

आईच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची टेल्मिसार्टन, कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन यांच्या स्ट्रिपा रबर लावून ठेवलेल्या असतात. दर महिन्याच्या पाच तारखेला तो डबा भरायचा, हे गेली बारा वर्षं चालू आहे. या बारा वर्षांत आई दवाखान्यात भरती झाली ती फक्त तीनदा.

‘एवढ्या योजना आल्या, विम्याचे नियम बदलले, आमच्या शुगरवाल्या माणसाला त्याचा काही उपयोग आहे का?’ असं कुणी विचारलं की मला आधी हा डबा आठवतो. भरती व्हायची वेळ आली तर उपयोग आहे, आणि चांगला आहे. डबा भरायला मात्र तो फारच थोडा आहे. त्यामुळे कार्ड की पॉलिसी हे ठरवण्याआधी मागच्या वर्षभराची बिलं काढून बसा आणि तुमचा पैसा गोळ्या-तपासण्यांवर जातो की भरतीवर, ते बघा.

खासगी विम्यात खरा बदल झाला १ एप्रिल २०२४ पासून. आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी पूर्वी चार वर्षांपर्यंत थांबायला लावू शकत होती, ती मर्यादा आता तीन वर्षांवर आली. पूर्वी ६५ च्या पुढच्या माणसाला नवी पॉलिसी देण्याचं कंपनीवर बंधन नव्हतं, आता सगळ्या वयाच्या लोकांसाठी पॉलिसी ठेवायला सांगितलंय. सलग पाच वर्षं हप्ते भरल्यावर ‘तुम्ही अमुक माहिती दिली नव्हती’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. पूर्वी यासाठी आठ वर्षं लागायची. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही उठला.

तरीही शुगर असलेल्या माणसाचा प्रस्ताव कंपनी नाकारू शकते किंवा हप्ता वाढवून लावू शकते. अमेरिकेत २०१४ पासून जुन्या आजारामुळे आरोग्य विमा नाकारता येत नाही आणि हप्ताही वाढवता येत नाही. आपल्याकडे अजून फक्त थांबायचा काळ कमी झालाय. म्हणजे आज पॉलिसी घेतली तर महिन्याभरानंतर डेंग्यूचं बिल निघेल, पण शुगरमुळे किडनीला त्रास झाला तर पहिली तीन वर्षं पैसे बहुधा खिशातूनच भरावे लागतील.

आमच्या काकांना एजंटाने सांगितलं होतं, ‘शुगर लिहू नका, उगाच अडकेल.’ काकांनी लिहिली नाही. दुसऱ्याच वर्षी अँजिओप्लास्टी झाली आणि केसपेपरवर डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे लिहिलं: मधुमेह, दहा वर्षं. त्या एका ओळीवर क्लेम गेला. काकू ते पत्र हातात घेऊन व्हरांड्यात बसलेली अजून डोळ्यासमोर आहे. म्हणून कळकळीने सांगते, फॉर्मवर आजार आणि तो कधीपासून आहे ते खरं लिहा. हप्ता वाढला तरी चालेल.

सरकारी कार्डाचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे तिथे थांबायचं नसतं. आयुष्मान भारत (२०१८ पासून) असो की आपली महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो आणि हप्ताही नसतो. फुले योजनेत पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ते पाच लाख झालं, किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली आणि पिवळ्या-केशरी रेशन कार्डांपुरती असलेली योजना सगळ्यांसाठी खुली करायचं ठरलं.

डायलिसिसवाल्यांनी तर दुसरा विचारच करू नये. आठवड्याला तीनदा म्हणजे वर्षाला दीडशेच्या वर वेळा सुई टोचून घ्यायची असते. खासगी पॉलिसीची रक्कम त्यात भराभर संपते आणि नवी पॉलिसी असेल तर ती सुरूच होत नाही. योजनेत डायलिसिसही बसतं आणि त्यासाठी हातावर करावा लागणारा फिस्टुला, म्हणजे रक्तवाहिन्यांचा जोडही. तिथे जाण्या-येण्याचं भाडं आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज मात्र कुणीच देत नाही.

अडचण येते ती दवाखान्याच्या दारात. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेलं रुग्णालय जवळ हवं, आजार योजनेच्या यादीत हवा आणि खाट रिकामी हवी. आईच्या दुसऱ्या भरतीच्या वेळी एका दवाखान्यात ‘योजनेच्या खाटा भरल्यात, पैसे भरून घ्यायच्या तर आहेत’ असं तोंडावर सांगितलं. तुमच्यावरही अशी वेळ आली तर काउंटरवर वाद घालत बसू नका. तिथला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस गाठा, रेशन कार्ड आणि आधार त्याच्या हातात द्या.

राहिला डबा. योजनेतून घरी आल्यावर काही दिवसांची औषधं मिळतात, पुढची आपली आपण. साध्या पॉलिसीतही भरतीच्या आगेमागे ठरावीक दिवसांचाच खर्च निघतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत आणि बीपी-शुगरच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतात. पण साठा संपला की ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकावं लागतं आणि तेवढ्यात माणूस गोळी सोडून देतो. बीपीची गोळी सुटली की पुढे काय होतं, हे पक्षाघाताच्या वॉर्डात दिसतं. आम्ही जनऔषधी केंद्राकडे वळलो, तेव्हा आईचं बिल निम्म्याखाली आलं.

माझ्या मते, चाळिशीतल्या माणसाला नुकतीच शुगर निघाली असेल आणि हप्ता झेपत असेल, तर आजच पॉलिसी घ्यावी, कारण तीन वर्षं आजपासून मोजली जातील. आधीची पॉलिसी असेल तर ती मोडू नका, पोर्ट करा, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे वळवा. भरलेली वर्षं धरली जातात. सरकारी कार्ड मात्र सगळ्यांनीच काढून ठेवावं. आजार जुना आणि गुंतागुंतीचा असेल, तर नव्या पॉलिसीच्या हप्त्याचे पैसे औषधांना आणि सहा महिन्यांनी होणाऱ्या एचबीएवनसी (शुगर), क्रिएटिनीन (किडनी) या तपासण्यांना ठेवा.

घरात सत्तरीपुढचं माणूस असेल तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांचं. खासगी पॉलिसी असली तरी चालतं. सीजीएचएसवाल्यांना (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. आईचं कार्ड आम्ही काढलं, आधार आणि अंगठा एवढ्यावर झालं. ते आता त्याच डब्यात, गोळ्यांच्या वर असतं.