स्मरणशक्तीची वनस्पतिजन्य औषधं: कोणत्या गोळीवर पैसे घालावेत, कोणत्या नाही

केमिस्टच्या दुकानात विसराळूपणावरची वनस्पतिजन्य औषधं दोन ठिकाणी असतात. ब्राह्मी, शंखपुष्पी, गिंको आणि कर्क्यूमिन समोरच्या काचेत मांडलेली असतात आणि चिठ्ठीशिवाय मिळतात. गॅलँटामिन आणि रिवास्टिग्माइन आतल्या खणात असतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात. या आतल्या दोन औषधांचं मूळही झाडपाल्यातच आहे, हे बहुतेक घरांना ठाऊक नसतं. आमचं मत आधीच सांगतो: अल्झायमरचं निदान झालं असेल तर खर्च आतल्या खणावर करा. समोरच्या काचेतलं बहुतेक सगळं सोडून दिलंत तरी काही बिघडत नाही.

पण आधी रक्त तपासा. बी१२, थायरॉइडची टीएसएच, सोडियम, साखर, मूत्रपिंड आणि यकृत. बी१२ ची कमतरता किंवा मंदावलेलं थायरॉइड यामुळेही माणूस गोंधळतो, विसरतो. शाकाहारी घरात तर बी१२ पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये. डोक्याला मार लागून मेंदूभोवती साचलेलं रक्त आणि नैराश्य ही कारणंही आधी बाजूला काढावी लागतात. यावर उपाय आहेत, आणि ब्राह्मीच्या बाटलीमागे सहा महिने गेले तर तेवढा उपचार लांबतो.

गॅलँटामिन. हे स्नोड्रॉप नावाच्या, बर्फातून डोकं वर काढणाऱ्या पांढऱ्या फुलाच्या कंदातून मिळालं. १९५० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ते वेगळं केलं. बल्गेरियात दिमितार पास्कोव्ह यांनी त्याचं ‘निवालिन’ हे औषध घडवलं आणि ते पोलिओनंतरच्या स्नायूंच्या दुबळेपणावर वापरलं जाऊ लागलं. अल्झायमरसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली २००१ मध्ये. आज ते डॅफोडिलसारख्या त्याच कुळातल्या झाडांच्या कंदांपासून किंवा कारखान्यात रासायनिक पद्धतीने बनतं. कंद उकळून पिण्याचा विचारही करू नका, ते विषारी असतात.

अल्झायमरमध्ये अ‍ॅसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन मेंदूत कमी पडतं. ते मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) गॅलँटामिन अडवतं, शिवाय निकोटिनिक ग्राहकांचा, म्हणजे पेशीवरच्या निरोप टिपणाऱ्या जागांचा, प्रतिसादही वाढवतं. गळक्या टाकीची तोटी आवळावी तसा हा प्रकार आहे: उरलेलं पाणी जास्त वेळ पुरतं, पण टाकी भरत नाही. पेशी मरायच्या थांबत नाहीत. चाचण्यांमध्ये स्मृती आणि आकलन तपासणाऱ्या ७० गुणांच्या अ‍ॅडास-कॉग मोजणीवर सहा महिन्यांनी सुमारे ३ गुणांचा फरक दिसला. फरक छोटा आहे, तरीही तो मोठ्या चाचण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसला आहे, आणि समोरच्या काचेतल्या एकाही डबीला हे जमलेलं नाही.

आता देण्याची रीत, कारण बहुतेक घरांत घोटाळा इथेच होतो. साधी गोळी ४ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, भरल्या पोटी. म्हणजे पोळी-भाजी किंवा वरण-भात झाल्यावर, चहा-बिस्किटावर नाही. दिवसभर पाणी भरपूर. किमान चार आठवडे हाच डोस. मग डॉक्टरांनी सांगितलं तर ८-८, आणि पुन्हा चार आठवड्यांनी, सोसत असेल तरच, १२-१२. ईआर (हळूहळू सुटणारी) कॅप्सूल असेल तर सकाळच्या खाण्याबरोबर दिवसातून एकदा: ८, मग १६, मग २४. ती कुस्करून भातात कालवायची नाही. हळूहळू सुटणारं औषध एकदम सुटतं. ‘फरकच दिसत नाही’ म्हणून दोन आठवड्यांत डोस दुप्पट केला की उलट्या सुरू होतात, रुग्ण जेवण नाकारतो आणि औषधाला कायमचं नाव पडतं.

सगळ्यात जास्त चुकतं ते खंड पडल्यावर. गावी गेले, पाकीट घरी राहिलं, चार दिवस गोळी नाही. परत आल्यावर थेट १२ मिलिग्रॅम द्यायची नाही. तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा ४ पासून चढत जायचं, कारण शरीराची सवय मोडलेली असते. रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाबाबत हे आवर्जून विचारा.

मळमळ, उलट्या, जुलाब, भूक मंदावणं हे नेहमीचे त्रास. डोस चढवताना जास्त, नंतर बहुधा ओसरतात. वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, वहीत लिहून ठेवा. अंगावरचे कपडे सैल होईपर्यंत थांबू नका. दुसरी काळजी नाडीची. हे औषध हृदयाचे ठोके मंद करतं; त्यात रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा डिल्टियाझेम चालू असेल तर चक्कर येऊन न्हाणीघरात पडण्याचा धोका खरा आहे. सुरू करण्याआधी ईसीजी काढून घ्या. दमा, अल्सर, प्रोस्टेटमुळे तुंबणारी लघवी यांची कल्पना डॉक्टरांना द्या. मूत्रपिंड किंवा यकृत मध्यम प्रमाणात बिघडलेलं असेल तर दिवसाला १६ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि फारच बिघडलेलं असेल तर हे औषध नाहीच.

एक साखळी नीट समजून घ्या. गॅलँटामिनमुळे लघवीची घाई वाढू शकते. घरचे दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात, तिथून लघवीची घाई आवरणारं ऑक्सिब्युटिनिन मिळतं. ते अ‍ॅसिटिलकोलीनच्या नेमकं उलट काम करतं, म्हणजे एक गोळी दुसरीला खोडत बसते आणि गोंधळ वाढतो. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन आणि झोपेसाठी दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांचंही तेच. त्यामुळे डॉक्टर कोणतेही असोत, औषधांची पूर्ण यादी सोबत न्यायची.

अमेरिकेत हे औषध आधी ‘रेमिनिल’ नावाने मिळायचं. मधुमेहाच्या ‘अ‍ॅमारिल’शी नावाची गल्लत होऊन रुग्ण दगावले, आणि २००५ मध्ये नाव बदलून ‘रॅझाडाइन’ करावं लागलं. आपल्याकडे अ‍ॅमारिल सर्रास मिळतं, म्हणून पाकिटावरचं ब्रँडचं नाव नव्हे तर औषधाचं मूळ नाव वाचून मगच पैसे द्या.

आणि नुसत्या वयपरत्वे विसराळूपणासाठी हे घेऊ नका. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नसलेल्या, पण स्मृती थोडी कमी झालेल्या लोकांवरच्या दोन चाचण्यांत गॅलँटामिन घेणाऱ्या १०२६ जणांपैकी १३ जण दगावले, आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्या १०२२ जणांपैकी १.

रिवास्टिग्माइनचा पॅच. नायजेरियातल्या कॅलाबार भागातल्या विषारी शेंगबियांत फायसोस्टिग्माइन सापडलं. त्याच्या रचनेवरून हे औषध बेतलं आहे. पोट फार बिघडणाऱ्यांना त्वचेवर चिकटवायचा पॅच बरा. सुरुवात २४ तासांत ४.६ मिलिग्रॅम सोडणाऱ्या पॅचने, चार आठवड्यांनी ९.५ चा. पाठीच्या वरच्या भागावर लावा, म्हणजे रुग्ण ओढून काढत नाही. तीच जागा १४ दिवस वापरायची नाही. नवा लावण्याआधी जुना काढायचाच. दोन पॅच एकदम अंगावर राहिले की उलट्या, मंद नाडी आणि रुग्णालय.

ब्राह्मी. समोरच्या काचेतलं त्यातल्या त्यात विचारात घेण्याजोगं हेच. निरोगी ज्येष्ठांवर रोज ३०० मिलिग्रॅम अर्क १२ आठवडे देऊन केलेल्या छोट्या चाचण्यांत शब्द आठवण्यात थोडी सुधारणा दिसली. डिमेन्शिया जडलेल्या माणसांसाठी मात्र भक्कम पुरावा नाही. खरेदी करताना लॅटिन नाव बघा: बॅकोपा मोनिएरी. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून बरेचदा मंडूकपर्णी हातात पडते. लांब देठावर गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचं पान असेल तर ती मंडूकपर्णी. पान बोटाच्या पेरापेक्षा लहान, जाडसर, चमच्यासारखं आणि समोरासमोर जोडीने असेल तर ती जलब्राह्मी, म्हणजेच बॅकोपा. चाचण्या दुसरीच्या अर्कावर झाल्या आहेत. ३०० मिलिग्रॅम अर्क आणि ३०० मिलिग्रॅम पानांची पूड एक नव्हेत. बॅकोसाइड्सचं (तिच्यातल्या मुख्य घटकांचं) प्रमाण टक्क्यांत छापलेलं नसेल तर डबी परत ठेवा. जेवणानंतर द्या, कारण हीही पोट ढवळते. गॅलँटामिनबरोबर एकाच आठवड्यात सुरू करू नका, नाहीतर उलट्या कशामुळे ते कळणारच नाही.

शंखपुष्पी सिरपची बाटली मधुमेह्याच्या घरात साखर वाचून मगच घ्यावी. फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर अजिबात नको. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात तिने रक्तातलं फेनिटॉइन कमी केल्याचं दिसलं.

गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काची तपासणी मोठी झाली आणि निकाल स्पष्ट आहे. अमेरिकेत ७५ वर्षांवरील ३०६९ जणांना १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा किंवा निष्क्रिय गोळी दिली. सरासरी सहा वर्षांनी, २००८ च्या निकालात, डिमेन्शिया टळला नव्हता. फ्रान्समध्ये २८५४ ज्येष्ठांवरच्या पाच वर्षांच्या चाचणीतही तेच. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका वर. पैसे वाचवा.

कर्क्यूमिन पोटातून रक्तात फारच कमी उतरतं, आणि स्वयंपाकातल्या हळदीत ते अवघं दोन-चार टक्के. अल्झायमरच्या ३६ रुग्णांना रोज २ किंवा ४ ग्रॅम २४ आठवडे देऊनही फायदा दिसला नाही. ते रक्तात उतरावं म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपेरीन घालतात. पण पायपेरीन इतर औषधांचीही रक्तातली पातळी वाढवतं, आणि अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. भाजीत हळद घाला, कॅप्सूल नको.

हुपरझिन-ए अमेरिकेतली मुलं मोठ्या मायेने आईवडिलांसाठी पाठवतात. चीनमधल्या एका शेवाळवजा वनस्पतीतलं हे द्रव्य तिथे पूरक आहार म्हणून खुलं मिळतं, पण काम गॅलँटामिनसारखंच करतं. अमेरिकेतल्या २१० रुग्णांच्या चाचणीत २०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा देऊन उपयोग झाला नाही. डोनेपेझिल (अल्झायमरचंच, याच प्रकारचं औषध), गॅलँटामिन किंवा रिवास्टिग्माइन चालू असताना ही कॅप्सूल दिली तर तोच परिणाम वाढतो आणि नाडी घसरू शकते. बाटली आलीच असेल तर डॉक्टरांना दाखवा. कुठलंही ऑपरेशन ठरलं, तर यांतलं जे काही चालू असेल ते भूलतज्ज्ञांना आधी सांगा. भुलीच्या वेळी स्नायू सैल करणाऱ्या सक्सिनिलकोलीनचा असर गॅलँटामिन, रिवास्टिग्माइन यांसारख्या औषधांमुळे लांबू शकतो.