मागचा इंडिकेटर बंद: बल्ब स्वतः बदलायचा की गाडी गॅरेजला न्यायची?

वळायला इंडिकेटर दिला आणि नेहमीची संथ टकटक अचानक दुप्पट घाईने वाजायला लागली, की त्या बाजूचा एक बल्ब उडाला असं बहुतेक वेळा खुशाल समजावं. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर जवळजवळ पावणेदोन अँपिअर करंट ओढतो. तो उडाला की तेवढा करंट कमी झालेला फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या भागाला, कळतो आणि तो घाई करायला लागतो. हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, लावून गाडीभोवती एक चक्कर मारा. मागचा एकच कोपरा अंधारा दिसला तर पुढचं वाचा. हॅझर्ड नीट चालतोय पण इंडिकेटर दोन्ही बाजूंना लागतच नाही, असं असेल तर बल्बच्या मागे लागू नका. फ्यूज किंवा स्टिअरिंगजवळच्या दांडीचा स्विच बघायला हवा.

घरी की गॅरेजला, हे तुमच्या हातातल्या कसबापेक्षा गाडीच्या रचनेवर जास्त ठरतं. डिकी उघडा. काही गाड्यांत आतल्या अस्तरात एक छोटं झाकण असतं, ते काढलं की होल्डर समोरच. काहींमध्ये डिकीच्या चौकटीत दिव्याच्या कडेला दोन स्क्रू दिसतात. ते काढून अख्खा दिवा मागे ओढायचा. या दोन्ही प्रकारांत गॅरेजला जाण्यात मला अर्थ वाटत नाही. पाच मिनिटांच्या कामासाठी गाडी सोडा, पुन्हा आणायला जा, आणि बिलात बल्बपेक्षा मजुरीच मोठी. पण दिव्यापर्यंत पोचायला बंपर उतरवावा लागत असेल, किंवा दिवा मुळातच सीलबंद एलईडीचा असेल आणि त्यात बदलण्याजोगा बल्बच नसेल, तर घरी वेळ घालवू नका. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. ती ग्लोव्ह बॉक्समध्ये न उघडता पडलेली असते, ती यासाठीच.

घरच्या कामात हात पोळतात ते सहसा घाईमुळे. स्क्रू काढल्यावर दिव्याची दुसरी बाजू प्लास्टिकच्या खुंट्यांवर अडकलेली असते आणि ती सरळ मागे ओढली तरच सुटते. मी पहिल्यांदा चपटा स्क्रूड्रायव्हर फटीत घालून उचकटायला गेलो. दिवा निघाला, पण पत्र्यावरचा रंगही निघाला. मेकॅनिक दोन्ही हातांनी दिवा धरून एक नेमका हिसका देतो, बस्स. गॅरेजच्या बाजूने बोलायचं तर हा सराव तिथे विकत मिळतो.

होल्डर पाव वळसा डावीकडे फिरवला की बल्बसकट हातात येतो. बल्ब जरा आत दाबून फिरवा, निघेल. काचेला आतून काळपट झाक आणि आतली तार तुटून लोंबणारी दिसली की निदान पक्कं. काही गाड्यांत पितळी टोपीऐवजी पाचरीसारखा काचेचा बुडखा असतो. तो न फिरवता सरळ ओढायचा.

खरी चूक होते ती नवा बल्ब घेताना, आणि इथे गॅरेजवाला तुमच्यापेक्षा सरस, कारण त्याला नंबर पाठ असतात. दिव्याची काच पांढरी असेल तर बल्ब नारिंगी लागतो, बऱ्याचदा पीवाय२१डब्ल्यू. काच नारिंगी असेल तर साधा पांढरा पी२१डब्ल्यू. दोन्ही दिसायला सख्खे भाऊ, पण पी२१डब्ल्यूच्या दोन पिना अगदी समोरासमोर असतात, तर पीवायच्या किंचित एका अंगाला सरकलेल्या. ब्रेकच्या दिव्यात बऱ्याचदा पी२१/५डब्ल्यू असतो; त्यात दोन तारा आणि बुडाला दोन ठिपके. बल्ब बसत नसेल तर जोर लावू नका, तो चुकीचा आहे. जुना बल्ब खिशात घालून दुकानात गेलात की हा सगळा घोळ टळतो.

आता कुठे थांबायचं ते. होल्डरच्या पट्टीवर हिरवट बुरशीसारखा थर असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून तो घरीही निघतो. पण प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं असेल, किंवा इंडिकेटरबरोबर शेजारचा पार्किंगचा दिवाही मंद लुकलुकत असेल, तर मामला बल्बचा नाही. दुसरं लक्षण खराब अर्थिंगचं, म्हणजे दिव्याच्या गाडीच्या पत्र्याशी असलेल्या जोडणीचं, आणि ते शोधायला टेस्टर आणि वायरिंगची ओळख हवी. अशा वेळी मीही गॅरेजच गाठतो.

तिसरा पर्याय दुकानदारच पुढे करतो: साध्या बल्बच्या जागी एलईडी बसवा, पुन्हा बघायला नको. मला तो पटत नाही. एलईडी करंट फारच कमी घेतो, त्यामुळे गाडीला बल्ब उडालाच आहे असं वाटतं आणि ती घाईची टकटक चालूच राहते. ती थांबवायला जादा करंट ओढणारा ६ ओहमचा रेझिस्टर जोडतात. तो दिवा लागलेला असताना २४ वॅट उष्णता फेकतो, म्हणून प्लास्टिकला किंवा वायरला टेकवून चालत नाही, पत्र्यावरच बसवावा लागतो. वाचवलेली वीज अशी तापण्यात गेली. शिवाय दिव्यातला आरसा तारेच्या एका बिंदूभोवती घडवलेला असतो. एलईडीचा उजेड वेगळ्या दिशांना पसरतो आणि मागच्याला बाजूने नीट दिसेलच असं नाही. अनेक देशांत हा बदल नियमातही बसत नाही. एलईडीचं एक कौतुक मात्र खरं: तो क्षणात लागतो, तारेला तापायला निमिषभर लागतो.

थोडक्यात माझी पसंती घरी आणि त्याच जातीचा बल्ब. किल्ली काढून, दिवा गार झाल्यावर काम करा. दिवा परत बसवून स्क्रू पिळण्याआधी एकदा इंडिकेटर लावून टकटक ऐका, मिनिटाला ६० ते १२० च्या मध्ये ती निवांत चालली पाहिजे. मगच रबरी गॅस्केट सगळीकडे सारखं बसलंय ना ते बोट फिरवून बघा, कारण तिथून पाणी शिरलं की पुढच्या वेळी होल्डर हिरवा मिळेल.