मंडईचं भुयारी मेट्रो स्टेशन : कोल्हापूरहून माल आणायला जाणारीचा आठ महिन्यांचा अनुभव

महाद्वार रोडला माझं सजावटीच्या सामानाचं छोटं दुकान आहे. तोरणं, झालरी, मोत्यांच्या माळा, गौरीचे दागिने. बराचसा माल पुण्याच्या रविवार पेठेतून, बोहरी आळीतून येतो आणि तो आणायला महिन्यातून दोनदा मीच जाते. पहाटेची एसटी, दहाच्या सुमारास स्वारगेट. तिथवर कधीच त्रास नव्हता. जीव जायचा तो पुढच्या दीड-दोन किलोमीटरला.

पेठेचं नाव काढलं की रिक्षावाले मान फिरवायचे. एकदा परतताना ऐन पावसात एकानं अर्ध्या वाटेतच उतरवलं, पुढं गर्दी आहे म्हणाला. झालरींचा अख्खा गठ्ठा भिजला, लालचा रंग पांढऱ्याला लागला. तो माल मी गिऱ्हाइकाला दाखवलासुद्धा नाही.

सिव्हिल कोर्ट (आता पाटीवर जिल्हा न्यायालय) ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. वर पेठांचे जुने वाडे, बोळ, मंडईची ब्रिटिश काळातली दगडी इमारत. खांब उभे करायला जागा होती कुठं? म्हणून गाडी जमिनीखालून नेली, पुढं तर ती मुठा नदीच्याही खालून जाते. स्वारगेटहून मंडई पहिलंच स्टेशन. एका स्टेशनासाठी मेट्रो कशाला, असं मला शेजारच्या दुकानातल्या वहिनींनी विचारलं होतं. दोन्ही हातांत चौकड्याच्या पिशव्या असल्या की कळतं कशाला ते. कमीत कमी तिकीट १० रुपये, आणि शनिवार-रविवारी ३० टक्के सवलत. मी शनिवार धरते तो त्यासाठीच.

खाली उतरलं की पहिल्यांदा जाणवतो तो गारवा, मग शांतता. वर भाजीवाल्यांचा पुकारा, तुळशीबागेची गर्दी, हॉर्न. आणि सरकत्या जिन्यावर दोन मिनिटांत सगळं मागं पडतं. मागच्या खेपेला पिशवीत घुंगरांची तोरणं होती. जिना हलला तशी ती बारीक वाजायला लागली. पुढं उभी असलेली एक शाळकरी पोरगी वळून वळून बघत होती, शेवटी मी पिशवीचं तोंड उघडून तिला एक तोरण दाखवलं.

गुडघे दुखणाऱ्यांनी लिफ्टच घ्यावी, ओझं घेऊन जिन्यावर तोल जातो. खाली माझ्या फोनला रेंज नीट मिळत नाही, म्हणून ऑनलाइन तिकीट मी वरच काढून ठेवते. कागदी तिकीट घेतलंत तर बाहेर पडेपर्यंत जपा, गेटवर ते पुन्हा दाखवावं लागतं. आणि बोहरी आळीपर्यंत पायीच जायचंय हे धरून चला. दोन पिशव्यांपेक्षा जास्त माल असेल तर ट्रान्सपोर्टलाच टाकावा, मेट्रोत नेण्याचा हट्ट नको.

बहीण नळ स्टॉपला राहते. तिच्याकडं जायचं तर सिव्हिल कोर्टला गाडी बदलते. ते स्टेशन जमिनीखाली ३३ मीटर खोल, तरी दिवसा फलाटापर्यंत ऊन पोचतं. पहिल्या दिवशी मी पिशव्या खाली ठेवून नुसती वर बघत उभी राहिले होते. तिथून जिन्यामागून जिने चढत थेट उंचावरच्या दुसऱ्या मार्गावर जायचं.

पूर्वी मालाला गेलं की बहिणीकडं मुक्काम ठरलेला. आता संध्याकाळच्या एसटीनं निघते आणि रात्री घरी येऊन जेवते. येत्या शनिवारी गौरीच्या मुखवट्यांसाठी जातेय. ते हातातच आणायचे आहेत, मांडीवर ठेवून.