सेंट किल्डा की लोफोटेन? शिडाच्या बोटीवरचा आठवडा ठरवण्याआधी

स्किपरसकट, म्हणजे बोट चालवणाऱ्या कप्तानासकट, शिडाची बोट घ्यायची आणि आठवडाभर उत्तरेकडच्या बेटांमधून फिरायचं, असा विचार करणाऱ्यांपुढे चाळणी लावता लावता बहुधा दोन नावं उरतात. एक स्कॉटलंडच्या पश्चिमेची हेब्रिडीज बेटं, आणि त्यांच्याही पलीकडे अटलांटिकमध्ये एकटं पडलेलं सेंट किल्डा. दुसरं नॉर्वेचं लोफोटेन, आर्क्टिक वृत्ताच्या वर. फोटो दोन्हीकडचे सारखेच वेड लावतात आणि घोळ तिथेच होतो, कारण बोटीवरचा दिवस दोन्हीकडे अगदी वेगळा जातो. हेब्रिडीजला माणूस समुद्रासाठी जातो, लोफोटेनला समुद्रातून डोंगर बघायला. मला दोन्ही जागा मनापासून आवडतात, पण एकीसाठी निघालेल्या माणसाला दुसरीकडे पाठवलं तर त्याची सुट्टी वाया जाऊ शकते.

आधी बोटीविषयी. ती साधारण 12 ते 15 मीटर लांबीची असते आणि स्किपर धरून तीवर सात-आठ माणसं मावतात. दोर ओढणं, आळीपाळीने सुकाणू धरणं, भांडी घासणं हे सगळ्यांच्या वाट्याला येतं. आधीपासून काही यायला हवं असं नाही. पण कुठे जायचं, कधी निघायचं आणि कुठून परत फिरायचं हे स्किपर ठरवतो आणि त्याच्या ‘नाही’वर चर्चा होत नाही. हे ज्याला जड जाईल त्याने खुशाल क्रूझ घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

हेब्रिडीज आणि सेंट किल्डा

इकडच्या बऱ्याच सफरी ओबनहून सुटतात. ग्लासगोहून रेल्वेने तिथे तीनेक तासांत पोचता येतं. मल बेटाच्या आडोशाने टोबरमोरी, पुढे रम, एग, मक आणि कॅना ही चार लहान बेटं, मग मोकळं पाणी ओलांडून बाहेरची रांग: बारा, युइस्ट, हॅरिस, लुईस.

इथलं सगळं गणित भरती-ओहोटीवर चालतं. तीन-चार मीटरची भरती मुंबईकराला नवी नाही, पण इथे तेवढं पाणी बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून घुसतं. जुरा आणि स्कार्बा यांच्यामधल्या कॉरीव्रेकन भोवऱ्यापाशी उधाणाच्या दिवसांत प्रवाह 8 नॉट्सच्या वर जातो (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर). तुमची बोट शिडांवर 6 नॉट्सने पळाली तरी ती चांगली पळाली म्हणायची. म्हणजे चुकीच्या वेळी तिथे पोचलात तर बोटीचं नाक पुढे आणि बोट मागे. त्यामुळे ‘निवांत नाश्ता करून निघू’ हे वाक्य इथे चालत नाही. पाणी पहाटे चारला फिरणार असेल तर नांगर पहाटे चारला उचलायचा.

सेंट किल्डा उत्तर युइस्टच्या पश्चिमेला सुमारे 64 किलोमीटरवर आहे. शेवटच्या आडोशापासून बोटीला एकेरी आठ ते दहा तास लागतात आणि तेवढा वेळ अटलांटिकची लांब लाट खालून बोट उचलत राहते. समोर जे येतं त्याला तोड नाही. हिर्टा या मुख्य बेटावरचा कोनाखेर डोंगर 430 मीटरचा, त्याची एक बाजू सरळ समुद्रात कोसळलेली. बोरेरे बेटाजवळ 196 मीटरचा स्टॅक अन आर्मिन हा सुळका पाण्यातून उभा आहे आणि त्याच्याभोवती गॅनेट पक्ष्यांची एवढी गर्दी असते की कडे पांढरे दिसतात. हिर्टावरच्या उरलेल्या 36 रहिवाशांनी सरकारकडे स्वतःच मागणी करून 29 ऑगस्ट 1930 रोजी बेट सोडलं. त्यांची दगडी घरांची एक वळणदार ओळ अजून उभी आहे. मागच्या उतारावर क्लेट नावाची हजाराहून जास्त दगडी कोठारं विखुरलेली आहेत. भिंती चुन्याशिवाय रचलेल्या, वर गवत उगवलेलं. फटींतून वारा आरपार जावा म्हणून त्या तशा ठेवल्या, कारण आत समुद्रपक्ष्यांचं मांस आणि अंडी टिकवायची असत. एखाद्या क्लेटमध्ये वाकून शिरलात तर बाहेरचा वारा आत गालाला लागतो. निसर्ग आणि संस्कृती या दोन्हींसाठी युनेस्कोच्या जागतिक वारशात असलेलं ब्रिटनमधलं हे एकमेव ठिकाण.

आता अडचण. नांगर टाकायला व्हिलेज बे ही एकच बरी जागा आहे, आणि ती आग्नेयेला उघडी आहे. वारा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून आला की तिथे थांबणं धोक्याचं होतं. उतरायचं तर लहान रबरी होडीतून धक्क्यापर्यंत जायचं आणि लाट वर आलेली असताना पाय टाकायचा. उसळी जास्त असेल तर धक्का वीस मीटरवर दिसतो आणि उतरता येत नाही. जाहिरातीत ‘सेंट किल्डा सफर’ मोठ्या अक्षरांत असतं आणि ‘हवामान अनुकूल असल्यास’ लहान अक्षरांत. बुकिंग करताना ही दुसरी ओळच मोठी समजून वाचा. आठवड्याच्या सफरीत सेंट किल्डा गाठणं हे नशिबावर आहे. दहा-बारा दिवसांची सफर घेतली तर हवेची एखादी चांगली खिडकी सापडायची शक्यता खूप वाढते.

नाही जमलं तर? मग स्काय बेटावरच्या कुलिन डोंगरांच्या पायथ्याशी लॉक स्कॅव्हेग या खाडीत नांगर पडतो, सीलच्या शेजारी. किंवा 1912 मध्ये ओस पडलेल्या मिंगुले बेटाच्या किनाऱ्यावर उतरता येतं. हे दुय्यम अजिबात नाही. पण ज्याने मनात सेंट किल्डाच धरलंय त्याला ते दुय्यम वाटतं आणि तो बोटीवर सगळ्यांचा मूड घालवतो. तुम्ही त्यातले आहात का, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारा.

लोफोटेन

स्व्होल्वेर हे इथलं मुख्य बंदर, 68 अंश उत्तरेला. मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही. बोटीवर याचा सरळ फायदा असा की अंधार पडायच्या आत बंदर गाठायची घाई उरत नाही. वारा रात्री दहाला चांगला लागला तर दहाला निघायचं. रात्री बारा-एकच्या सुमाराला डोंगरांवर जो तांबूस उजेड पडतो, तो बघण्यासाठीच लोक येतात. झोपायला डोळ्यांवरची पट्टी मात्र न्या.

लोफोटेनच्या आग्नेय बाजूला डोंगरांची सलग भिंत आहे. अटलांटिकची लाट ती अडवते, म्हणून या बाजूचं पाणी बऱ्याचदा शांत असतं. नैऋत्येचा वारा आला तर मात्र वेस्टफ्योर्ड, म्हणजे बेटं आणि मुख्य भूमी यांमधला रुंद समुद्र, चांगलाच खवळतो. बंदरं जवळजवळ आहेत: हेन्निंग्सव्हेर, नुस्फ्योर्ड, रैने. बहुतेक टप्पे चार-पाच तासांत उरकतात. दुपारी बोट धक्क्याला लागते आणि संध्याकाळ पायी फिरायला मोकळी. रैनेच्या डोक्यावरचा रैनेब्रिंगेन 448 मीटरचा आहे. पूर्वी तिथे चिखलातून घसरत चढावं लागे. नेपाळहून आलेल्या शेर्पांनी आता वरपर्यंत दगडी पायऱ्या बांधल्यात.

गावोगावी लाकडी मांडव दिसतात. जानेवारी ते एप्रिल या काळात अंडी घालायला येणारा कॉड मासा पकडून, मीठ न लावता, शेपटीला शेपूट बांधून त्यांवर टांगतात. वर्सोव्याला बोंबील वाळताना पाहिलेल्याला हे दृश्य आणि वासही लगेच ओळखू येईल, फक्त इथला मासा हातभर लांब असतो. सुकलेला मासा मुख्यतः इटलीला जातो आणि डोकी नायजेरियाला. जूनमध्ये मांडव रिकामे व्हायला लागतात, त्यामुळे हे बघायचं असेल तर मे महिना धरा.

एक गोष्ट मात्र जाहिरातींत येत नाही. उंच डोंगरांच्या कुशीत वारा धड लागत नाही. कधी अगदी पडतो, कधी घळीतून अचानक झोत येतो. परिणामी इंजिन बराच वेळ चालू राहतं. ट्रोलफ्योर्ड ही दोन किलोमीटरची घळ, तोंडाशी जेमतेम शंभर मीटर रुंद, आणि तिथे तर इंजिनावरच जायचं. शिडं भरून बोट कललेली, पाणी काठाला चाटून जातंय, तासन्‌तास दुसरा आवाज नाही, असं चित्र मनात असेल तर ते हेब्रिडीजला जास्त मिळतं. लोफोटेनमध्ये त्यासाठी दक्षिणेला वेरॉय आणि रोस्ट या बेटांकडे जावं लागतं. वाटेत मोस्केनेसचा भोवरा लागतो, जो 1539 च्या ओलाउस मॅग्नसच्या नकाशातही काढलेला आहे. तिथे कॉरीव्रेकनइतकीच वेळ सांभाळावी लागते.

रात्र कुठे जाते

माझ्या मते निवडीचा खरा निकष हा आहे, आणि लोक याचाच विचार सगळ्यात कमी करतात. लोफोटेनमध्ये बहुतेक रात्री बोट धक्क्याला बांधलेली असते. किनाऱ्यावर गरम पाण्याची अंघोळ मिळते, वीज असते, पाय मोकळे करायला गाव असतं. हेब्रिडीजमध्ये बऱ्याच रात्री नांगरावर जातात. वारा फिरला की बोट फिरते, साखळी खडकावर घासल्याचा आवाज उशाशी येतो, आणि स्किपर मध्यरात्री वर जाऊन किनाऱ्याच्या खुणा तपासून येतो. किनाऱ्यावर जायचं तर प्रत्येक वेळी बोटीच्या कडेवरून रबरी होडीत उतरायचं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना दिवसातून चार वेळा हे करणं अवघड आहे. साठीपुढच्या आई-वडिलांना नेणार असाल तर मी लोफोटेनच सांगेन, आणि तिथेही बोटीच्या आत उतरायची शिडी किती उभी आहे त्याचा फोटो आधी मागवून घेईन.

पोट

समुद्र लागण्याचा त्रास सेंट किल्डाच्या वाटेवर जास्त होतो. त्यावरची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, निघण्याआधी घ्यावी लागते. कोणती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा आणि घरी एकदा घेऊन झोप किती येते ते बघा. बोटीवर मळमळलं तर खाली केबिनमध्ये जाऊ नका. वर बसा, क्षितिजाकडे बघा, सुकाणू हातात मिळालं तर उत्तमच.

जेवणाचं शाकाहाऱ्यांनी काळजीचं कारण नाही, पण सामान आधी भरावं लागतं. ओबन किंवा स्व्होल्वेरला पीठ, डाळी, भाज्या मिळतात, पुढे लहान दुकानांवर भरवसा ठेवू नका. रविवारी तर लुईस-हॅरिसवर बहुतेक दुकानं बंद असतात आणि नॉर्वेतही मोठी दुकानं बंद. मसाले भारतातून न्या, मात्र तूप-पेढे असे दुधाचे पदार्थ दोन्ही देशांत नेता येत नाहीत. बोटीवरची शेगडी झुलत्या कड्यांवर बसवलेली असते. बोट वीस अंश कलली तरी पातेलं सपाट राहतं आणि तिरके उभे असता ते तुम्ही. कमरेला पट्टा अडकवून, एक पाय समोरच्या कपाटाला टेकवून ढवळायचं. पोहे बंदरात करा. चालत्या बोटीवर मुगाची खिचडीच बरी, एका कुकरात होते आणि वाडग्यातून चमच्याने खाता येते.

व्हिसा, पैसा, ऋतू

हेब्रिडीजला ब्रिटनचा व्हिसा, लोफोटेनला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असलेला व्हिसा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट ठेवलेल्या मराठी मंडळींनाही नॉर्वेसाठी शेंगेन काढावाच लागतो, म्हणून त्यांच्यासाठी ओबन हे आयत्या वेळीही जमण्यासारखं आहे. पैशाच्या बाबतीत नॉर्वेत किनाऱ्यावरचं सगळंच महाग, त्यामुळे बोटीचं भाडं सारखं असलं तरी एकूण खर्च तिकडे वाढतो. भाड्यात डिझेल, बंदराचं शुल्क आणि स्किपरचं जेवण धरलंय का, हे दोन्हीकडे विचारा. हेब्रिडीजला मे-जून सगळ्यात चांगले. मिज नावाची चावरी चिलटं तेव्हा कमी असतात आणि पफिन पक्षी कड्यांवर असतात. ऑगस्ट लागला की ते समुद्रात निघून जातात. कपडे दोन्हीकडे सारखेच लागतात: लोकर, टोपी, जलरोधक बाह्यवस्त्र, आणि सूटकेसऐवजी घडी होणारी मऊ पिशवी.

डेन्मार्कच्या अखत्यारीतली फॅरो बेटं आणि नॉर्वेचं, आणखी उत्तरेचं स्वालबार्ड यांची नावंही निघतात. फॅरोसाठी डेन्मार्कच्या व्हिसावर ‘फॅरोसाठी वैध’ असा उल्लेख लागतो आणि तिथले प्रवाह नवख्यासाठी नाहीत. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे, त्यामुळे नॉर्वेतून जाऊन परत यायला दोन प्रवेशांचा शेंगेन हवा. भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र 2008 पासून तिथेच आहे. पण ध्रुवीय अस्वलांमुळे वस्तीबाहेर बंदूकधारी वाटाड्याशिवाय फिरणं धोक्याचं आहे, आणि पहिल्या सफरीसाठी ते फारच थंड आणि लांब पडतं.

मग कोणी काय घ्यावं

पहिलीच वेळ, सोबत मुलं किंवा आई-वडील, रोज डोंगर चढायची हौस, आणि ठरलेलं ठरल्यासारखं व्हावं असा स्वभाव: लोफोटेन, जूनमध्ये. शीड हाताळायला शिकायचंय, सोबतचे सगळे धडधाकट आहेत, पहाटे चारला उठवलं तरी चेहरा पडत नाही: हेब्रिडीज, दहा दिवस तरी. फक्त सेंट किल्डा बघायचं असेल तर हॅरिसहून सुटणारी वेगवान मोटारबोट एका दिवसात नेऊन आणते. तीही हवेवर अवलंबून, पण त्यासाठी आठवडाभराचे पैसे अडकत नाहीत.

पैसे भरण्याआधी स्किपरशी फोनवर बोला. ब्रिटनमध्ये त्याच्याकडे यॉटमास्टर ऑफशोअर हे बोट चालवण्याच्या पात्रतेचं प्रमाणपत्र आणि त्यावर पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा व्यावसायिक शेरा आहे का, बोटीचं व्यापारी वापराचं प्रमाणपत्र चालू आहे का, हे विचारायला संकोचू नका. चांगला स्किपर यावर चिडत नाही. आणि एक प्रश्न नक्की विचारा: सहा दिवस नको त्या दिशेचा वारा राहिला तर आम्हाला कुठे न्याल? जो लगेच तीन-चार खाड्यांची नावं घेऊन तिथे काय बघण्यासारखं आहे ते सांगू लागतो, त्याच्याकडे बुकिंग करा. जो ‘तसं काही होत नाही’ म्हणतो, त्याला नमस्कार करून पुढचा फोन लावा.