सोसायटीचा एसटीपी : एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

आमची सोसायटी पुण्यात, महापालिकेच्या हद्दीत. १८० फ्लॅट. बांधकाम २० हजार चौरस मीटरच्या वर गेलं की पर्यावरण मंजुरी लागते आणि सांडपाणी जागेवरच शुद्ध करायची अट त्यासोबत येते, म्हणून एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, आमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. पण तो नीट चालत नव्हता. वीज वाचवायला रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारी यंत्रं) बंद ठेवायचे, फ्लशच्या टाकीत टँकरचं पाणी पडायचं आणि बेसमेंटच्या त्या कोपऱ्यात गाडी लावायला कोणी धजत नसे. बिल्डरकडून ताबा मिळाल्यावर, गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर, आमच्या कमिटीने नवा ठेका दिला आणि प्लांट मुळापासून पुन्हा सुरू केला. तेव्हापासूनचा हा अनुभव. मी पूर्ण समाधानी आहे, आणि ज्या सोसायट्यांचा एसटीपी बंद पडून आहे त्यांनी तो चालू करावाच, असं कळकळीने सांगावंसं वाटतं.

आधी हिशोब. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के ड्रेनेजमध्ये जातं असं मानतात. चौघांचं घर धरलं तर आमचं रोजचं मैलापाणी ७७-७८ हजार लिटर होतं. प्लांट एक लाख लिटरचा आहे, म्हणजे पुरेसा. त्या १३५ लिटरमधले ४५ लिटर एकट्या फ्लशला जातात. आख्ख्या सोसायटीचे रोज ३२ हजार लिटर. दहा हजार लिटरचे तीन टँकर आपण दररोज संडासात ओतत होतो, तेही विकत घेऊन! हा आकडा सभेत मांडला तेव्हा विरोध करणारेही गप्प झाले.

आमचा प्लांट एमबीबीआर पद्धतीचा आहे, म्हणजे तरंगत्या प्लॅस्टिकच्या चाकांवर जिवाणू वाढवून पाणी शुद्ध करणारा. जाळीतून केस, प्लॅस्टिक, कचरा अडवून पाणी आधी एका मोठ्या टाकीत साठतं, कारण सकाळी सहा ते दहा लोंढा येतो आणि दुपारी जवळजवळ काहीच नाही. तिथून ते हवेच्या टाकीत जातं. या टाकीत प्लॅस्टिकची बांगडीएवढीसुद्धा नसलेली, आत जाळी असलेली चाकं तरंगत असतात. ती आणली तेव्हा पांढरीशुभ्र होती. दुसऱ्या चालू प्लांटमधला गाळ आणून टाकीत सोडला, दह्याला विरजण लावतात तसा, आणि काही आठवड्यांनी ऑपरेटर मामांनी एक चाक काढून माझ्या हातावर ठेवलं. आतल्या खणांत तपकिरी, बुळबुळीत थर धरला होता. बाहेरची बाजू घासून घासून स्वच्छ, आत मात्र भरगच्च. मैला खाणारे जिवाणू ते हेच. वास घेतला, तर पावसानंतर मातीला येतो तसा. मामा म्हणाले, "ताई, हा काळा पडला आणि सडका वास आला की समजायचं, हवा कमी पडली."

हवा कमी का पडते? बहुतेक वेळा कोणीतरी ब्लोअर बंद केला म्हणून. त्या जिवाणूंना प्राणवायू चोवीस तास लागतो. काही तास हवा नसली की टाकीत सडका, अंड्यासारखा वास सुटतो, आणि तेच रोज रात्री घडलं तर थर गळून पडतो. आमच्याकडे पाच एचपीचे दोन ब्लोअर आहेत, आळीपाळीने चालतात, एक कायम राखीव. पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट, तो चोवीस तास चालला तर दिवसाला ८८-८९ युनिट. प्रत्यक्षात भार थोडा कमी असतो म्हणून आकडा जरा खाली येतो. एसटीपीला वेगळं वीज मीटर बसवून घेतलं आणि रीडिंग रोज वहीत लिहायला लावलं. माझ्या मते आम्ही केलेलं सगळ्यात उपयोगी काम हेच. ब्लोअर रात्री चालला की नाही, हे कोणाला विचारावं लागत नाही.

बाकीचं थोडक्यात: हवेच्या टाकीनंतर गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी हायपो (जंतू मारणारं क्लोरीनचं द्रावण) टाकून वाळूच्या आणि कार्बनच्या फिल्टरमधून गच्चीवरच्या फ्लशच्या टाकीत चढतं. कच्च्या पाण्याचा बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू; जितका कमी तितकं पाणी स्वच्छ) लिटरला साधारण २००-३०० मिलिग्रॅम असतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आमच्या संमतिपत्रात मर्यादा १० आहे, आणि पहिले काही आठवडे सोडले तर दर महिन्याचा प्रयोगशाळेचा अहवाल त्याच्या आत राहिला आहे.

फ्लशच्या पाण्याचा वास येतो का, हा प्रश्न मला लिफ्टमध्ये सर्वाधिक वेळा विचारला जातो. नेहमी येत नाही. कार्बन संपत आला की येतो, आणि तो बदलला की जातो. पाण्याला किंचित पिवळट छटा असते. पांढऱ्या कमोडमध्ये पाण्याच्या रेषेवर डाग धरतो, आठवड्याला ब्रश मारावा लागतो. गावाला जाऊन चार दिवसांनी परतलं तर पहिल्या फ्लशला वास जाणवतो. हे तोटे खरे आहेत, पण तीन टँकरच्या बदल्यात मला ते मान्य आहेत.

सगळ्यात अवघड गेली दिवाळीची साफसफाई. घरोघरी ॲसिड, ब्लीच, फिनाईल एकाच आठवड्यात ओतलं गेलं, पाठोपाठ फराळाच्या तळणीचं तेल. हवेच्या टाकीवर पांढरा फेस कमरेएवढा चढला, पाणी गढूळ यायला लागलं आणि प्लांट सावरायला दोनेक आठवडे गेले. तेवढे दिवस पुन्हा टँकर. त्यानंतर प्रत्येक मजल्यावर सूचना लावली: तळणीचं तेल बाटलीत भरून द्या, ॲसिड वापरू नका. पॅड आणि वाइप्स कमोडमध्ये टाकणं मात्र अजून थांबलेलं नाही. ते जाळीवरून मामांना काढावे लागतात, हे लक्षात ठेवा.

पावसाळ्यात येणारं पाणी अचानक वाढलं, कारण गच्चीचा एक पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला निघाला. तो तोडून पावसाळी गटाराला जोडल्यावर प्रश्न मिटला.

आता दोन गोष्टी, ज्यांवर तडजोड नको. पहिली म्हणजे नळजोडणी. एका फ्लॅटमध्ये नूतनीकरणाच्या वेळी प्लंबरने जेट स्प्रे फ्लशच्या लाइनला जोडला होता. हे जिवावर बेतू शकतं. पिण्याच्या पाण्याची लाइन अर्धा तास बंद करा आणि घरातले सगळे नळ उघडा. कमोडच्या टाकीशिवाय दुसरीकडे कुठेही पाणी आलं, तर जोडणी चुकली आहे. आम्ही ही तपासणी घरोघरी केली आणि प्रत्येक नूतनीकरणानंतर ती सक्तीची केली.

दुसरी, टाकीत माणूस उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने गटारात आणि मैल्याच्या टाकीत धोकादायक पद्धतीने माणसाकडून सफाई करून घ्यायला बंदी आहे, तरीही "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणत लोक उतरवतात. सोसायट्यांच्या टाक्यांमध्ये गुदमरून कामगार गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. सडक्या अंड्याच्या वासाचा वायू जास्त झाला की वास येणंच बंद होतं, म्हणून नाकावर भरवसा ठेवता येत नाही. आमच्या ठेक्यात कलम आहे की गाळ सक्शन गाडीनेच उपसायचा. टाकीची झाकणं कुलूपबंद असतात आणि किल्ली कमिटीकडे राहते.

उरलेलं शुद्ध पाणी बागेला जातं. पावसाळ्यात बागेला नको असतं तेव्हा ते महापालिकेच्या ड्रेनेजला सोडतो. शहरात जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून होणाऱ्या प्रकल्पातून सांडपाणी शुद्ध करणारी ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ केंद्रं उभी करण्याचं काम घेतलेलं आहे, पण मुळा-मुठेची आजची अवस्था पुलावरून जाताना कोणालाही दिसते. आमच्याकडून नदीकडे जाणारं पाणी तरी स्वच्छ असावं, एवढं आपल्या हातात आहे.

नवा फ्लॅट बघायला जाणार असाल तर क्लबहाउस नंतर बघा. आधी एसटीपीच्या वीज मीटरचं रीडिंग, गेल्या उन्हाळ्यातली टँकरची बिलं आणि पाण्याचा शेवटचा अहवाल मागा, आणि ऑपरेटरला एक चाक टाकीतून काढून दाखवायला सांगा.