झॅकरी रिशार की लेला मॅकॅला: आधी कोणाला ऐकायचं?

"लुइझियानाचं फ्रेंच गाणं ऐकायचंय, एकच नाव सांग," असं कोणी म्हटलं की माझी पंचाईत होते. तोंडावर दोन नावं येतात. दोघंही अमेरिकन, दोघांची मुळं लोकसंगीतात आणि दोघंही इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्ये गातात. मॅकॅलाच्या बाबतीत तर फ्रेंचपेक्षा हैतीची क्रेओल (फ्रेंचमधून घडलेली तिथली भाषा) जास्त. इतकं साम्य असूनही एकाचा चाहता दुसऱ्याच्या अल्बमवर दहा मिनिटंही टिकत नाही, असं मी पाहिलंय. पैशांचा प्रश्न नाही, दोघंही मोबाइलवर मिळतात. प्रश्न पहिल्या तासाच्या धीराचा आहे.

आधी रिशार. शोधताना 'रिचर्ड'चंच स्पेलिंग टाका, उच्चार मात्र रिशार. जन्म 1950चा, लुइझियानातल्या लाफायेटजवळच्या स्कॉट गावचा. आजी-आजोबांच्या घरी फ्रेंच, बाहेरच्या जगात इंग्रजी. लुइझियानाच्या 1921च्या राज्यघटनेने शाळेत इंग्रजी सक्तीची केली आणि मधल्या पिढीला वर्गात फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या. त्यामुळे या माणसाने फ्रेंचमध्ये गायचं ठरवणं हा निव्वळ आवडीचा मामला नव्हता. सत्तरच्या दशकात त्याने केजन लोकांच्या, म्हणजे लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्यांच्या, अकॉर्डियनच्या गाण्यांना रॉकची जोड दिली, कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेकला गेला आणि 1978च्या 'मिग्रासियों'ने तिथे नाव कमावलं. मग घरी परतून इंग्रजीत गाऊ लागला. 1990 आणि 1992चे अल्बम तर ए अँड एम या बड्या कंपनीचे. 1994 साली कॅनडाच्या न्यू ब्रन्सविकमध्ये अकाडियन लोकांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. अकाडियन म्हणजे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे फ्रेंच वसाहतवाले, 1755पासून इंग्रजांनी ज्यांना गावंच्या गावं रिकामी करून हाकललं, ते. केजन त्यांचेच वंशज. त्या संमेलनानंतर तो पुन्हा फ्रेंचकडे वळला आणि 1996मध्ये 'काप आंराजे' आला. न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावरच्या एका भूशिराचं हे नाव.

म्हणजे भाषा दोन, पण खोल्याही दोन. बहुतेक वेळा एक अल्बम एका भाषेचा. सलग ऐकणाऱ्याला हे सोयीचं पडतं, पण जत्रेतला नाचरा केजन ठेका मनात धरून 'काप आंराजे' लावलात तर हिरमोड होईल. तो शांत, गिटारवरचा, गंभीर माणसाचा अल्बम आहे. नाच हवा असेल तर सत्तरच्या दशकातला रिशार काढा.

फ्रेंच शिकणाऱ्यांसाठी त्याचं एक गाणं म्हणजे लॉटरीच. 'लार्ब्र ए दां से फय' हे साखळीगाणं आहे. झाडाला फांदी, मग पुढे घरटं, घरट्यात अंडं, अंड्यात पाखरू, पाखरात काळीज, काळजात प्रेम. प्रत्येक फेरीत एकच नवा शब्द येतो आणि मागचे सगळे उलट क्रमाने पुन्हा म्हणायचे. अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेऊन क्रियापदं घोकलेल्यांना हे आधी मिळायला हवं होतं. शब्दखेळाची हौस असेल तर 2012चा 'ल फू' बघा. फू म्हणजे वेडा, आणि एका समुद्रपक्ष्याचं फ्रेंच नावही फूच. मेक्सिकोच्या आखातातल्या 2010च्या तेलगळतीनंतर सापडलेला पहिला तेलाने माखलेला पक्षी याच जातीचा होता.

मॅकॅलाकडे मात्र एकच खोली आणि सगळ्या भाषा तिथेच बसलेल्या. आईवडील हैतीचे, जन्म न्यूयॉर्कचा, शिक्षण चेलोचं (व्हायोलिनच्या कुळातलं मोठं वाद्य). 2010मध्ये ती लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्सला आली आणि तिथल्या फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागात रस्त्यावर बाखच्या शास्त्रीय रचना वाजवून पोट भरू लागली. चेलो ती अनेकदा गज बाजूला ठेवून बोटांनी छेडते. गिटारसारखाच, पण खालच्या पट्टीतला, लाकडाचा वास असलेला तो आवाज एकदा कानात बसला की दुसऱ्या कोणाचा वाटत नाही. सोबतीला बँजो. पहिल्या अल्बममध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन कवी लँग्स्टन ह्यूजच्या इंग्रजी कवितांना तिने चाली दिल्या आणि त्यांच्याच शेजारी हैतीची लोकगीतं ठेवली. ही मिसळ उगाच नाही. हैतीच्या क्रांतीनंतर क्यूबात गेलेले हजारो निर्वासित 1809-10मध्ये न्यू ऑर्लिन्सला आले आणि शहराची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. तिच्यासाठी लुइझियाना म्हणजे हैतीचंच चुलत घर.

फ्रेंच शिकणाऱ्याने मात्र तिच्यापासून थोडं जपून. क्रेओलमधले शब्द बरेचसे फ्रेंच वळणाचे, व्याकरण पार निराळं. क्रियापदं चालवायचीच नसतात! परीक्षेच्या तोंडावर तिला ऐकाल तर पेपरात घोटाळा कराल.

माझ्या मते तिचं सर्वांत चांगलं काम म्हणजे 2022चा 'ब्रेकिंग द थर्मामीटर'. क्रेओलमध्ये बातम्या देणाऱ्या रेडिओ हैतीच्या जुन्या ध्वनिफितींवर तो उभा आहे. त्या केंद्राचे प्रमुख जाँ डोमिनिक यांची 2000 साली केंद्राच्या आवारातच हत्या झाली. गाण्यांमध्ये बोलण्याचे तुकडे येतात, त्यामुळे स्वयंपाक करताना मागे लावून ठेवायचा हा अल्बम नव्हे. म्हणूनच सुरुवात यापासून करू नका. आधी ह्यूजवाला, मग हा.

मला विचाराल तर चाल आणि वाद्यांसाठी ऐकणाऱ्याने मॅकॅला घ्यावी, बेधडक. तिथे शब्द कळले नाहीत तरी अडत नाही. रिशारचं तसं नाही. त्याचं निम्मं बळ शब्दांत आहे, ते सुटलं तर उरतो तो गोड गळ्याचा एक गायक, आणि तसे खूप आहेत. पण फ्रेंच थोडंफार येत असेल, किंवा आजीची भाषा नातवंडांच्या तोंडून जाताना पाहिली असेल (परदेशातल्या मराठी घरांना हे सांगायला नको), तर आधी रिशारच.

गाडीत मुलं असतील तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवा आणि साखळीगाणं लावा. गाणं तिसऱ्यांदा लावाल तेव्हा घरट्यानंतर काय येतं, ते मागच्या सीटवरून ऐकू येईल.